घसारा कोण भरणार?

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, गव्हाच्या आणि कॅनोलाच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहानशा गावात मी राहते. गावात एक शाळा, एक दवाखाना, धान्याची उंच कोठारं आणि एक आइस रिंक. रिंक म्हणजे पत्र्याचं लांबलचक शेड आणि आत दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाचं मैदान. १९६७ साली कॅनडा महासंघाची शंभर वर्षं साजरी झाली तेव्हा सरकारी अनुदानातून देशभर अशा इमारती उभ्या राहिल्या. कितीतरी गावांत रिंकचं नावच ‘सेंटेनियल अरीना’ आहे. आमचीही त्याच पिढीतली. आता तिची यंत्रणा थकली आहे, छताबद्दल इंजिनिअरने लेखी इशारा दिला आहे, आणि दुरुस्तीसाठी पैसे जमवायच्या समितीत मी आहे.

या उन्हाळ्यात कोल्हापूरहून मामा आले. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत ते लेखापाल होते. समितीचं आवाहनपत्र त्यांच्या हाती पडलं आणि आमचा वाद सुरू झाला. तो बरेच दिवस चालला, जेवणाच्या टेबलावर आणि गाडीतसुद्धा. त्यातला मला मोलाचा वाटलेला भाग इथे देते आहे.

मामा : पत्रक देखणं झालंय. पण पैसे नक्की कशाला पाहिजेत?

मी : खाली यादी आहे की. नवा स्कोअरबोर्ड, प्रेक्षकांच्या खुर्च्या, मुलींसाठी कपडे बदलायची वेगळी खोली, आणि बर्फ गोठवणाऱ्या प्लांटचं नि छताचं काम.

मामा : सगळ्यात मोठा खर्च प्लांटचा आणि छताचा, आणि तोच सगळ्यात शेवटी.

मी : स्कोअरबोर्डावर देणगीदाराचं नाव लागतं, मामा. खुर्चीच्या पाठीवर आजोबांच्या नावाची पट्टी बसवता येते. चिलरवर कोण नाव लावून घेणार? लोक डोळ्यांना दिसतं त्याला देतात. एकदा हात सैल झाला की पुढचं मागता येतं.

मामा : चिलर म्हणजे काय ते आधी मला समजेल असं सांग.

मग मी त्यांना रिंकवर घेऊन गेले. उन्हाळ्यात बर्फ काढलेला असतो, नुसता सिमेंटचा कोबा उघडा पडलेला असतो. त्या कोब्याच्या पोटात कित्येक किलोमीटर पाइप पसरलेले आहेत. त्यांतून कॅल्शियम क्लोराइडचं खारं पाणी फिरतं. ते शून्याच्या खालीही गोठत नाही, म्हणून थंडावा वाहून नेतं. त्याला गार करतो अमोनिया, आणि हे दोघं एकमेकांत न मिसळता जिथे शेजारून जातात ते भांडं म्हणजे चिलर. मध्ये फक्त नळ्यांची भिंत. ऑक्टोबरमध्ये कोबा पुरेसा गार झाला की आमची माणसं होजपाइप घेऊन उभी राहतात आणि पाण्याचा अगदी बारीक फवारा मारतात. एक थर गोठला की दुसरा. घाई केली की बर्फात हवा अडकते आणि नंतर टवके उडतात. मग पांढरा रंग, कारण बर्फ पारदर्शक असतो आणि खालचा राखाडी कोबा दिसत राहिला तर हॉकीची काळी चकती, म्हणजे पक, नजरेला सापडत नाही. रंगावर लाल-निळ्या रेघा, त्यावर पुन्हा पाणी. असं करत करत जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीचा बर्फ तयार होतो. रात्रपाळ्या लागतात. पगार कुणालाच नसतो.

मामा कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभे होते. भिंतीवरचा अमोनियाचा सेन्सर, बाहेर लटकवलेला गॅस मास्क, पाइपांच्या सांध्यांवरचा गंज, सगळं त्यांनी नीट पाहिलं.

मामा : ही नळ्यांची भिंत झिजली तर?

मी : तर अमोनिया खाऱ्या पाण्यात शिरतो.

मामा : आणि माणसं मरतात. फर्नीची हकीकत काल तूच मला वाचायला दिलीस.

फर्नी हे ब्रिटिश कोलंबियातलं डोंगरातलं गाव. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथल्या मेमोरियल अरीनात अमोनियाची गळती होऊन तीन कामगार गेले. आसपासच्या घरांतल्या लोकांना काही दिवस बाहेर राहावं लागलं. चौकशीत निघालं ते असं : कर्लिंग या खेळाच्या बर्फाला थंडावा पुरवणारा चिलर तीसएक वर्षांचा झाला होता. तो बदलावा अशी शिफारस कितीतरी आधी झालेली होती आणि काम पुढे ढकललं गेलं होतं. त्याच वर्षी त्यात गळती असल्याचंही कळलं होतं. तरी हंगाम तोंडावर आला तसा तो पुन्हा सुरू केला गेला.

मामा : गळती माहीत होती, वय माहीत होतं, शिफारस कागदावर होती. आणि तुझ्या पत्रकात पहिला नंबर स्कोअरबोर्डाचा.

मी : म्हणूनच तर पैसे लवकर उभे करायचेत! तुमचं ऐकून लोकांना मी अमोनियाची भीती घातली तर काय होईल ठाऊक आहे? कुणी देणगी देणार नाही. रिंक बंद करा म्हणतील. मुलांना आत पाठवणार नाहीत.

मामा : खरं सांगून लोक देत नसतील, तर गावाला ती रिंक नको आहे असं समज.

मी : असं नसतं मामा. लोकांना रिंक हवी आहे, त्यांना बिघाड बघायचा नाही एवढंच.

या मुद्द्यावर मी मामांशी आजही पूर्ण सहमत नाही. वर्गणी मागणारा माणूस आशा घेऊन दारात जातो, आणि ती आशा खोटी नसते. पण यंत्राच्या खोलीतलं काम यादीत पहिलं हवं, हे मला पटलं. आमच्या नव्या पत्रकात ते पहिलं आहे, चिलरच्या वयासकट.

पैसे कसे जमतात ते मामांना नवलाचं वाटलं. मुलं घरोघर जाऊन रिकाम्या बाटल्या आणि डबे गोळा करतात, कारण केंद्रावर दिले की त्यांची अनामत परत मिळते. सामन्यात ‘फिफ्टी-फिफ्टी’ची तिकिटं विकतात, जमलेल्या पैशांतले अर्धे विजेत्याला, अर्धे रिंकला. त्याला प्रांताचा परवाना लागतो. सुगीनंतर टर्कीचं गावजेवण असतं, घराघरांतून ‘पाय’ हा भट्टीत भाजलेला पदार्थ येतो, ताटाचे पैसे रिंकला. शेतकरी एखादा तुकडा ‘रिंकचं शेत’ म्हणून पेरतात. बी एकाचं, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, कापणी तिसऱ्याची, आणि पिकाचे पैसे समितीच्या खात्यात. थेट देणगी नगरपालिकेच्या नावे दिली तर प्राप्तिकरात सवलत मिळते, म्हणून मोठ्या देणग्या आम्ही तिकडूनच घेतो. मामांनी हे सगळं त्यांच्या छोट्या वहीत उतरवून घेतलं.

मी : आपल्याकडे वेगळं काय होतं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडावर शाळा आणि वसतिगृहं चालवलीच ना? सरकारची वाट बघत बसले नाहीत.

मामा : कर्मवीरांचं नाव काढलंस, बरं केलंस. मुष्टिफंडात बाई दळायला बसली की मूठभर धान्य बाजूला काढायची. रोज. छत गळायला लागल्यावर एकदम पोतं मागितलं नव्हतं त्यांनी. तुम्ही पन्नास वर्षं काही बाजूला काढलं नाही आणि आता पोतं मागताय.

मी : रिंकचं शेत आहे की दरवर्षी.

मामा : त्याचं पीक जातं कुठं? मी हिशेब बघितला. विजेच्या बिलात आणि विम्यात. चालू खर्चात. मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळं खातंच नाही तुमचं. २००९ पासून इथल्या नगरपालिकांनाही आपल्या इमारती नि पाइप मालमत्ता म्हणून पुस्तकात दाखवून घसारा धरावा लागतो. तुमच्या ताळेबंदात घसाऱ्याची ओळ अगदी व्यवस्थित आहे. पण ओळ म्हणजे पैसे नव्हेत. तेवढी रक्कम दरसाल बँकेत पडायला पाहिजे. त्यासाठी घरपट्टीत थोडी वाढ करा, रिंकच्या नावाने वेगळी दाखवा, आणि तिला दुसऱ्या कामासाठी कुणाला हात लावू देऊ नका. तेवढं ठरत नसेल तर दुरुस्तीला एक डॉलरही मागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी : घरपट्टी वाढवायची म्हणजे काय ते तुम्हाला या गावात कळणार नाही. निम्मी घरं निवृत्तांची आहेत. त्यांचे नातूही इथे खेळत नाहीत, शहरात गेलेत. पेन्शनवर राहणाऱ्या आजींनी हॉकीसाठी का भरायचं?

मामा : हे तू विचारतेस? मी विचारायला पाहिजे होतं! हॉकीचं सामान महाग, फी महाग. फिलिपाइन्सहून, भारतातून आलेल्या किती कुटुंबांची मुलं खेळतात? जे खेळत नाहीत त्यांच्याकडून घेताच ना तुम्ही तिकिटं खपवून?

मी : सगळे खेळत नाहीत, पण सगळे येतात. शनिवारी सकाळी कॉफीला येतात. एप्रिलमध्ये बर्फ काढला की तिथेच शाळेचा पदवीदान समारंभ, लग्नं, लिलाव. आमच्याकडे दुसरी एवढी मोठी जागाच नाही. आणि मामा, हम्बोल्ट आठवतं का तुम्हाला?

त्यांना आठवत होतं. ६ एप्रिल २०१८ ला हम्बोल्ट ब्रॉन्कोज या तरुण हॉकी संघाची बस आमच्याच प्रांतात ट्रकला धडकली, सोळा जण गेले. दोन दिवसांनी सगळं गाव जमलं ते त्यांच्या रिंकवर, एल्गर पीटरसन अरीनात. चर्चमध्येही जाता आलं असतं, शाळेतही. पण ती मुलं जिथे खेळली तिथेच लोकांना जावंसं वाटलं. मी त्या वेळी या देशात नवी होते आणि टीव्हीसमोर बसून रडले होते.

मी : कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री तुम्ही फोन केला होता मला. ऑगस्ट २०२४. तुमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, १९१५ सालची. तुम्ही काही दर महिन्याला नाटक बघत नव्हता. पण ते गेलं तर आपलं काय उरलं, असं म्हणालात.

मामा : म्हणालो होतो.

मी : मग?

मामा : मग काही नाही. दुःख खरंच आहे. पण दुःख झालं की पैसे येतातच, पोरी. हम्बोल्टसाठी लोकांनी इंटरनेटवरून दीड कोटी डॉलरहून जास्त दिले, आणि त्या पैशांच्या वाटपाला कोर्टाची देखरेख लागली. लोकांकडून उत्स्फूर्तपणे जमा झालेल्या निधीसाठी तुमच्या प्रांतात स्वतंत्र कायदा होता, तो पहिल्यांदा तिथे वापरला गेला. चांगलंच झालं. मला त्यातून एवढंच दिसतं की आपत्ती आली की लोक भरभरून देतात. आपत्ती यायच्या आधी, एका भोक पडायला आलेल्या नळीसाठी, लोकांनी द्यावं कसं, हा तुमच्या समितीपुढचा खरा प्रश्न.

मी गप्प राहिले, कारण हे माझ्या मनात आधीपासून होतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्पर्धेचा विषय काढला. क्राफ्ट कंपनी २००६ पासून कॅनडात ‘हॉकीव्हिल’ नावाची स्पर्धा घेते. गावाने आपली गोष्ट सांगायची, देशभरातून मतं मिळवायची. जिंकणाऱ्या गावाला रिंकच्या दुरुस्तीसाठी अडीच लाख डॉलर आणि एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगचा एक सराव सामना. अल्बर्टातल्या सिल्व्हन लेकच्या रिंकचं छत जानेवारी २०१४ मध्ये बर्फाच्या भाराने कोसळलं, सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, आणि त्याच वर्षी ते गाव ही स्पर्धा जिंकलं. २०२४ साली आँटॅरिओतलं एलियट लेक जिंकलं. त्यांची रिंक छताच्या काळजीमुळे आधीच बंद केलेली होती, त्यामुळे बक्षिसाचा सामना सडबरीत झाला. याच एलियट लेकमध्ये २०१२ साली एका मॉलचं छत पडून दोन बायका गेल्या होत्या. छताच्या बाबतीत त्या गावाने जोखीम घेतली नाही याचं मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

मामा : अडीच लाखांत छत होतं का?

मी : नाही. पण गाव हललं की प्रांत हलतो, केंद्र हलतं. एकेक अनुदान जोडत जायचं असतं.

मामा : आणि न जिंकलेली गावं? त्यांची छतं काय मतांवर उभी आहेत? स्पर्धेला माझा विरोध नाही, भाग घ्या. पण रिंक टिकणं ही लोकप्रियतेची गोष्ट होऊ देऊ नका. तुमच्या शेजारच्या गावातही अशीच रिंक आहे म्हणालीस. चाळीस किलोमीटरवर. दोन्ही जुन्या. मग एकच चांगली का नाही करत दोघं मिळून?

यावर मात्र मी चिडले. सस्कॅचवानमध्ये हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला आहे, प्रत्येक वेळी कशाच्या तरी बंद होण्याआधी. आधी रेल्वेचे फाटे गेले, मग धान्याची लाकडी एलेव्हेटर्स पाडली गेली, शाळा एकत्र केल्या, दवाखान्यांचे दिवस कमी झाले. दर वेळी कागदावरचा हिशेब बरोबर होता. आणि दर वेळी गावातलं एकेक कुटुंब शहरात गेलं.

मी : उणे तीस अंशांत, वारा सुटलेला असताना, आठ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून तीनदा चाळीस किलोमीटर कोण नेणार? ज्यांच्याकडे दोन गाड्या आणि मोकळी संध्याकाळ आहे तेच. तुम्ही आत्ता विचारलंत ना, बाहेरून आलेल्यांची किती मुलं खेळतात? तीच मुलं आधी गळतील. आमच्या रिंकवर ती शाळा सुटल्यावर चालत येतात. जुने स्केट फुकट मिळतात, समितीने साठवून ठेवलेत. मोफत स्केटिंगच्या तासाला तीच मुलं बर्फावर असतात, हॉकीवाली नव्हे.

मामा : बाहेर तळी गोठतात की तुमची. पूर्वी तिथेच खेळायचे ना?

मी : जानेवारीत गोठतात. पण हंगाम ऑक्टोबर ते मार्च. आणि नैसर्गिक बर्फाचा भरवसा कमी होतोय. लॉरिए विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ पासून ‘रिंकवॉच’ चालवलंय, लोक आपापल्या अंगणातल्या रिंकवर कुठल्या दिवशी स्केटिंग होऊ शकलं ते कळवतात. तुम्हाला आकड्यांची आवड आहे, वाचा.

मामा : वाचतो. पण मग उलटा मुद्दाही घे. थंडी कमी झाली की प्लांटवरचा भार वाढणार, विजेचं बिल वाढणार. जुना प्लांट आणखी लवकर मरणार.

मी : म्हणून नवा घ्यायचा तर पुढचा विचार करून घ्यायचा. थंडावा देणाऱ्या जुन्या कृत्रिम वायूंवर आता बंधनं आलीत, आर-२२ ची आयात तर २०२० पासून थांबली. स्वस्त पडतो म्हणून तसलाच वायू भरला तर पंधरा वर्षांनी पुन्हा हीच समिती. क्वेबेकमधल्या साँ-जेदेओं-द-बोस या छोट्या गावाने पंधराएक वर्षांपूर्वी आपली रिंक पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रणेवर नेली, जगात सगळ्यात आधी. त्या यंत्रातून निघणारी उष्णताही वापरता येते, बर्फ सारखा करायला जे गरम पाणी लागतं त्यासाठी आणि खोल्या उबदार ठेवायला. लहान गावांना जमत नाही असं काही नसतं.

मामा : त्याला सुरुवातीला पैसे जास्त लागतात?

मी : लागतात. अमोनियाही चालतो, नीट राखला तर. पण ‘नीट राखला तर’ यातच सगळं आलं.

मामा : आता तू लेखापालासारखं बोलायला लागलीस.

घरपट्टीचा वाद मात्र मिटला नाही. माझी भीती अशी की रिंक करातून चालायला लागली की ती ‘सरकारची’ होते. आज कॅन्टीनमध्ये बटाटे तळणारे, तिकीट फाडणारे, ऑक्टोबरात होजपाइप धरणारे हे सगळे फुकट राबतात, कारण रिंक आपली आहे असं त्यांना वाटतं. कर भरला, आता नगरपालिका बघून घेईल, असं एकदा मनात आलं की ही माणसं घरी बसतील. त्यांच्या जागी पगारी माणसं घ्यायची तर कितीही घरपट्टी पुरणार नाही. मामांचं म्हणणं याच्या बरोबर उलट.

मामा : राबणारी माणसं मी बघितली. तीच ती सहा-सात. दोघांचे गुडघे गेलेत. वर्गणीवर चालणाऱ्या गोष्टीचा भार शेवटी भल्या माणसांवर पडतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. कर सगळ्यांकडून घेतो, म्हणून तो न्यायाचा. हौसेला कामं राहतीलच, छताची जबाबदारी हौसेवर टाकू नका.

मी : आणि रिंकचं शेत? ते दुरुस्ती झाल्यावरही कायम ठेवलं, पीक फक्त घसारा-खात्यात घातलं तर? तुमची मूठ झाली की ती.

मामा : चांगली कल्पना आहे. पण २०२१ सारखा दुष्काळ पडला तर? त्या वर्षी पिकं करपली म्हणून तूच सांगितलंस. पिकावर काही भाग ठेव, घरपट्टीवर काही. दोन पाय पाहिजेत.

मी : घरपट्टीचा प्रस्ताव सभेत पडला तर सगळी मोहीमच बसेल. एका वेळी एकच मागावं.

मामा : एका वेळी एकच मागितलंस तर तीस वर्षांनी कुणाची तरी भाची पुन्हा पत्रक लिहीत बसेल.

सप्टेंबरच्या गावसभेपुढे शेवटी आम्ही दोन वेगळे ठराव ठेवतो आहोत. पहिला वर्गणीचा आणि अनुदानांच्या अर्जांचा, त्यात चिलर पहिला, छत दुसरं, स्कोअरबोर्ड अगदी शेवटी. दुसरा शेताच्या पिकाचा आणि घरपट्टीतल्या छोट्या वाढीचा, वेगळ्या खात्यासह. समितीतल्या काहींचा आग्रह होता की दुसरा ठराव पहिल्यानंतर वर्षभराने आणावा. मी एकाच सभेत दोन्ही आणावेत म्हणून भांडले आणि ते जेमतेम जमलं. शेजारच्या गावाशी बोलणी करण्याचा मामांचा मुद्दा मी कार्यक्रमपत्रिकेवर घेतलेला नाही आणि घेणारही नाही. त्यावरून ते अजून माझ्यावर नाराज आहेत, आणि रोज सकाळी दुसऱ्या ठरावाच्या भाषेत एखादी दुरुस्ती सुचवतात. कालची त्यांची दुरुस्ती अशी होती की खात्यातून पैसे काढायला दोन-तृतीयांश मतं लागावीत. ती मी जशीच्या तशी घेतली.